नायक बारीक आवाजात, बाप भरदार आवाजात: बरोक ऑपेरातला टेनर

ऑपेरा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लुचानो पावारोत्ती येतो. दाढी, भरदार देह, हातात पांढरा रुमाल. ७ जुलै १९९० रोजी, फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, तो, प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास असे तिघे रोममध्ये एका मंचावर गायले. 'टेनर' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो बराचसा त्या रात्रीमुळे. तेव्हापासून टेनर म्हणजे नायक, प्रियकर, तार सप्तकात सूर फेकून सभागृह हलवणारा पुरुष, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलं आहे.

हेच समीकरण घेऊन एखादा श्रोता यूट्यूबवर अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याचा 'जुलिओ चेझारे' हा ऑपेरा लावतो. शत्रूचा पाठलाग करत इजिप्तला पोचलेला रोमन सेनापती जुलियस सीझर दिमाखात मंचावर येतो, तोंड उघडतो, आणि आवाज येतो बाईचा. कधी ती भूमिका खरोखरच एखादी गायिका करत असते, कधी पुरुषच स्त्रीच्या पट्टीत गात असतो. श्रोता गोंधळतो, आणि टेनरची वाट पाहत बसला तर तीन तासांनंतरही टेनर येत नाही. १७२४ साली लंडनमध्ये हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा त्यात सहा पुरुषपात्रं होती. तीन कास्त्रातो गायकांनी (लहानपणीच खच्चीकरण करून ज्यांचा आवाज उंच ठेवला जाई अशा पुरुषांनी) केली, एक गायिकेने आणि दोन खर्जातल्या बास आवाजांनी. टेनर एकही नव्हता.

मला हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे: त्या काळात टेनर नव्हते का? होते, भरपूर होते. त्यांचं काम मात्र वेगळं होतं, आणि ते काम एकदा कळलं की हे संगीत निराळंच ऐकू येऊ लागतं.

आधी शब्द समजून घेऊ

युरोपीय संगीतात आवाजांची वाटणी उंचीनुसार होते. वरून खाली सांगायचं तर सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. गोव्यातल्या किंवा वांद्र्यातल्या चर्चच्या गायकवृंदात जे गातात त्यांना ही चार नावं पाठ असतात. 'टेनर' शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'धरून ठेवणे' या क्रियापदात आहे. मध्ययुगात चर्चच्या रचनेत मूळ धून जो आवाज लांबलचक सुरांत धरून ठेवायचा आणि ज्याच्याभोवती बाकीचे आवाज फिरायचे, तो टेनर.

पेटीच्या भाषेत सांगतो. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक घ्या. तिच्या खाली एक सप्तक आणि वर एक सप्तक, हा साधारण टेनरचा प्रदेश. काळी एकमध्ये गाणारा आपला पुरुष गायक तार पंचमाला पोचतो तेव्हा तो टेनरच्याच वरच्या मजल्यावर असतो. म्हणजे हा आवाज आपल्याला परका नाही. वयात आल्यावर पुरुषाचा जो नैसर्गिक आवाज उरतो, त्यातला उंच प्रकार तो हाच.

आणि 'बरोक' म्हणजे साधारण १६०० ते १७५० हा कालखंड. ऑपेरा याच काळाच्या दारात जन्मला.

सुरुवातीला नायक टेनरच होता

१६०० साली फ्लोरेन्समध्ये मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या विवाहसोहळ्यात 'एउरिदिचे' नावाचं संगीतनाट्य झालं. पत्नीला परत आणायला पाताळात उतरणाऱ्या गायक ऑर्फेउसची ही ग्रीक कथा. संगीतकार याकोपो पेरी स्वतः टेनर होता आणि ऑर्फेउस त्यानेच गायला. सात वर्षांनी, २४ फेब्रुवारी १६०७ रोजी, मांतुआच्या दरबारात क्लाउदिओ मोंतेव्हेर्दीने हीच कथा 'ऑर्फेओ' म्हणून मांडली. तिथेही नायकाच्या भूमिकेत फ्रांचेस्को राझी हा टेनर होता.

टेनरच का? त्या मंडळींना गाण्यातून बोलायचं होतं. कीर्तनकार निरूपण करता करता नकळत सुरात शिरतो, शब्द स्पष्ट राहतात पण त्यांना सूर चढतो, तसं काहीसं. ऑपेरात याला 'रेसिटेटिव्ह' म्हणतात: गात गात बोलणं. त्यासाठी पुरुषाच्या बोलण्याच्या पट्टीजवळचा आवाज सोयीचा. बोलण्यातून गाण्यात आणि गाण्यातून परत बोलण्यात त्याला सहज जाता येतं.

'ऑर्फेओ'मध्ये एक जागा अशी आहे की तिच्यासाठी हा सगळा खटाटोप सार्थकी लागावा. पाताळाची नदी पार करायची आहे आणि नावाडी खारोन जिवंत माणसाला नावेत घेत नाही. ऑर्फेओ त्याच्यापुढे गाऊन विनवणी करतो. मोंतेव्हेर्दीच्या छापील स्वरलिपीत या गाण्याची ओळ दोनदा दिली आहे: एकदा साधी, आणि तिच्या जोडीला हरकती, मुरक्या, ताना यांनी भरलेली. आपल्याकडे बंदिशीचा आराखडा लिहितात आणि विस्तार गायकावर सोडतात. इथे संगीतकाराने विस्तारही लिहून ठेवला, म्हणून चारशे वर्षांपूर्वीचा टेनर गळ्याने काय काय करायचा हे आज आपल्याला कळतं. एकाच सुरावर घसा भराभर ठोकत जाण्याची त्यांची एक खास तऱ्हा होती, तीही त्या ओळीत दिसते. एवढं गाऊनही खारोन विरघळत नाही, फक्त झोपी जातो, आणि ऑर्फेओ स्वतःच नाव वल्हवत पलीकडे जातो.

त्या काळचे टेनर अनेकदा स्वतःच संगीतकार असायचे. पेरी, काच्चिनी, राझी तिघेही. पुढे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या ऑपेरात योहान माथेसन होता. ५ डिसेंबर १७०४ रोजी तो स्वतःच्या 'क्लेओपात्रा'मध्ये अँटनीची भूमिका गात होता. अँटनी मेल्यावर तो खाली वाद्यवृंदात येऊन हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावर बसायचा. त्या दिवशी तिथे एकोणीस वर्षांचा हँडेल बसला होता आणि तो उठायला तयार होईना. दोघे बाहेर चौकात आले आणि तलवारी निघाल्या. माथेसनची तलवार हँडेलच्या कोटाच्या धातूच्या बटणावर आपटून मोडली. ते बटण तिथे नसतं तर या लेखातला पुढचा निम्मा भाग घडलाच नसता. महिनाभरात दोघांचं जुळलं आणि हँडेलच्या पहिल्या ऑपेरात, 'आल्मिरा'त, माथेसनच गायला.

मग कास्त्रातो आले

१६३७ साली व्हेनिसमध्ये तिकीट काढून कोणालाही जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं. दरबारी सोहळ्याचा धंदा झाला. प्रेक्षकाला तारे हवे होते, आणि तारे ठरले कास्त्रातो.

हा शब्द सोपा करून सांगताना त्यातली क्रूरता लपवता येत नाही. वयात येण्याआधी मुलाचं खच्चीकरण करायचे. त्यामुळे त्याचा आवाज फुटत नसे. स्वरयंत्र मुलाएवढं लहान राही, पण छाती आणि फुप्फुसं मोठ्या माणसाची होत. वर्षानुवर्षांच्या कठोर तालमीनंतर त्यातल्या काहींचा आवाज असा तयार होई की एका श्वासात लांबलचक तान, आणि तीही स्त्रीच्या पट्टीत. सेनेसिनो, फारिनेल्ली ही नावं युरोपभर गाजली. बहुतेक मुलं मात्र तिथवर पोचली नाहीत. त्यांना विचारून काही झालं नव्हतं. रोममध्ये स्त्रियांना मंचावर गायला बंदी होती आणि चर्चच्या गायकवृंदांनाही उंच आवाज हवेच होते, म्हणून ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालली. या संगीतावर कितीही जीव जडला तरी ही गोष्ट विसरून ते ऐकू नये असं मला वाटतं.

बारीक आवाजाचा नायक प्रेक्षकांना खटकत नसे का?

हा हमखास येणारा आक्षेप. उत्तर असं की त्या काळात आवाजाच्या उंचीतून पात्राचा दर्जा ऐकू यायचा. देव, राजपुत्र, तरुण योद्धा, प्रियकर हे रोजच्या माणसांहून वरचे, म्हणून त्यांचा आवाजही रोजच्या आवाजाहून वरचा आणि झळझळीत. पुरुषासारखा वाटतो की बाईसारखा, हा प्रश्न त्या प्रेक्षकाच्या मनात आपल्याइतका ठळक नव्हता.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. बालगंधर्व भामिनी होऊन मंचावर यायचे तेव्हा समोर पुरुष आहे हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि भामिनी खरी होती. संकेत एकदा मान्य केला की डोळे आणि कान त्याच्यामागे जातात.

व्हेनिसच्या टेनरला या नव्या मांडणीत आधी काय मिळालं? मोजक्याच मोठ्या भूमिका. १६४०च्या सुमाराचा मोंतेव्हेर्दीचा युलिसिस टेनर आहे, पण तो वीस वर्षांनी घरी परतलेला, भिकाऱ्याच्या वेशातला प्रौढ नवरा आहे. याखेरीज म्हाताऱ्या दायांच्या विनोदी भूमिका, लुगडं नेसून. आणि नंतर, १७०० च्या आसपास गंभीर ऑपेराचा साचा पक्का झाला तेव्हा, टेनरच्या वाट्याला ठराविक माणसं आली: बाप, वयस्क राजा, सेनापती, गादी बळकावणारा खलनायक.

या साच्यातलं मुख्य गाणं म्हणजे 'आरिया'. त्याचे तीन भाग: पहिला, त्याहून वेगळ्या भावाचा दुसरा, आणि परत पहिला. मुखडा, अंतरा आणि पुन्हा मुखडा असं समजा, फक्त परतलेला मुखडा गायकाने आपल्या कल्पनेने सजवायचा. आरिया संपली की गायक टाळ्या घेत आत निघून जाई. कोणाला किती आरिया यावरून भांडणं होत. सर्वांत जास्त आणि सर्वांत चांगल्या जागा कास्त्रातो नायकाला आणि नायिकेला, टेनरला त्यांच्यामागून.

म्हणजे टेनर दुय्यम होता?

पैशाने आणि आरियांच्या संख्येने, बहुधा हो. पण आता एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. माझ्या मते बरोक ऑपेरातल्या टेनरचं सगळं मर्म तिच्यात आहे.

१४०२ साली अंकाराच्या लढाईत तैमूरलंगाने ऑटोमन सुलतान पहिल्या बायेझिदला हरवून कैद केलं. तीनशे वर्षांनी इटलीत या कैदेवर ऑपेरे होऊ लागले. १७१९ साली रेज्जो एमिलियात फ्रांचेस्को गास्पारीनीचा असाच एक ऑपेरा झाला आणि त्यात सुलतान बायाझेत गायला फ्रांचेस्को बोरोसिनी हा टेनर. व्हिएन्नाच्या शाही दरबारातला हा गायक १७२४ साली लंडनला आला. हँडेलने त्याच विषयावरचा 'तामेर्लानो' जुलै महिन्यात वीस दिवसांत लिहून ठेवला होता. बोरोसिनीने येताना गास्पारीनीची स्वरलिपी सोबत आणली. ती पाहिल्यावर हँडेलने हातातलं काम पुन्हा उघडलं, आणि शेवटच्या अंकात बायाझेतचं मरण मंचावर आलं.

कथा थोडक्यात अशी. तामेर्लानोला कैदी सुलतानाची मुलगी आस्तेरिया हवी आहे. आस्तेरियाचं आंद्रोनिको या ग्रीक राजपुत्रावर प्रेम आहे. तामेर्लानोला मारायचा बेत मनात ठेवून ती त्याच्या सिंहासनाकडे निघते. बापाला बेत माहीत नाही. मुलगी शत्रूची राणी व्हायला चालली आहे एवढंच त्याला दिसतं, आणि तो तिच्या वाटेत जमिनीवर आडवा पडतो. जायचं तर मला तुडवून जा.

आता आवाज कसे वाटले आहेत ते पाहा. जेता तामेर्लानो कास्त्रातो, प्रियकर आंद्रोनिको कास्त्रातो, आस्तेरिया सोप्रानो. वर हे सगळे तेजस्वी, उंच आवाज फिरत असतात आणि खाली एकटा टेनर असतो. त्याच्याकडे राज्य नाही, प्रेयसी नाही. आहे तो मान आणि एक मुलगी. त्याच्या आवाजात इतरांच्या मानाने जे वजन ऐकू येतं ते त्या एकटेपणाचंच आहे.

शेवटी तो विष घेतो. इथे हँडेल आरियाचा साचा बाजूला ठेवतो. मुखडा परत येत नाही, टाळ्या घेऊन आत जाण्याची सोय नाही. बोलणं आणि गाणं यांच्या मधल्या वाटेवरून बायाझेत चालत राहतो: मुलीला धीर देतो, तामेर्लानोला शिव्याशाप देतो, पुन्हा मुलीकडे वळतो, वाक्यं तुटू लागतात, श्वास पुरत नाही, आणि मधेच आवाज थांबतो. हे कास्त्रातोला दिलं असतं तर ते सुंदर झालं असतं याबद्दल शंका नाही. पण मरणाऱ्या म्हाताऱ्याचं बोलणं बोलण्याच्या पट्टीतच यावं लागतं. पेरीच्या पिढीने टेनर ज्या कारणासाठी निवडला तेच कारण सव्वाशे वर्षांनी असं कामाला आलं.

पुढच्याच वर्षी, १७२५ मध्ये, हँडेलने बोरोसिनीसाठी 'रोदेलिंदा'त ग्रिमोआल्दो लिहिला. मिलानची गादी बळकावलेला हा माणूस खलनायकच, पण शेवटी अपराधाच्या भाराने बागेत येतो आणि म्हणतो, साधा मेंढपाळ झाडाच्या सावलीत सुखाने झोपतो, राजा असून मला झोप नाही. मग तिथेच त्याचा डोळा लागतो. हे झुलतं, हळवं गाणं ऐकताना मला प्रत्येक वेळी त्याची कणव येते. टेनरला दिलेल्या माणसांना मन असतं, ते बदलू शकतात. ग्रिमोआल्दो शेवटी गादी परत करतो.

झेलमच्या काठावरचा टेनर

वाटणी नुसत्या वयावर होती असंही नाही, हे दाखवणारं उत्तम उदाहरण थेट आपल्या उपखंडातलं आहे. २ फेब्रुवारी १७३१ रोजी लंडनमध्ये हँडेलचा 'पोरो, हिंदुस्थानचा राजा' हा ऑपेरा झाला. शब्द मूळचे मेतास्तासिओ या इटालियन कवीचे. प्रसंग इसवी सनापूर्वी ३२६ मधला: झेलमच्या काठी सिकंदराने पोरस राजाला हरवलं आहे.

कुठला आवाज कोणाला? आपण म्हणू, जगज्जेता सिकंदर ऐन तिशीतला, तोच उंच आवाजाचा नायक असणार. पण उंच आवाज मिळाला पराभूत भारतीय राजा पोरोला. ती भूमिका सेनेसिनोने केली, आणि सिकंदर झाला आन्नीबाले पिओ फाब्री हा टेनर.

कारण या कथेत प्रेमात पडून मत्सराने होरपळतो तो पोरो. सिकंदराचं काम शांत राहून क्षमा करणं आणि शेवटी राज्य परत देणं. ज्याच्या मनात वादळ उठतं त्याला उंच आवाज, ज्याच्या हातात निर्णय असतो त्याला टेनर. असे उदार, विचारी राजे मेतास्तासिओच्या नाटकांत पुन्हापुन्हा भेटतात. शब्द कळत नसले तरी टेनरचा आवाज ऐकून प्रेक्षक ओळखायचा की हा माणूस सत्तेचा आहे, प्रेमाचा नाही.

फ्रान्समध्ये सगळं उलटं का?

फ्रेंचांनी कास्त्रातोंना ऑपेराचे नायक म्हणून कधी स्वीकारलंच नाही. चर्चसंगीतात ते होते, पण फ्रेंच भाषेच्या नाट्यात प्रियकर हा पुरुषाच्या आवाजातच गाणार असा त्यांचा आग्रह. मात्र उंच सुराची ओढ त्यांनाही होती. तोडगा निघाला 'ओत-काँत्र' या आवाजातून. हा अतिशय उंच आणि हलका टेनर. जाँ-बाप्तिस्त ल्युलीचा १६७६ मधला 'आतीस', ज्याँ-फिलिप रामोचे इप्पोलित, दार्दानुस, झोरोआस्त्र हे सगळे नायक ओत-काँत्र आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आज आपण ज्यांना काउंटरटेनर म्हणतो, ते प्रामुख्याने 'खोटा आवाज' कमावून स्त्रीच्या पट्टीत गातात. नावात टेनर असला तरी ते टेनर नव्हेत. ओत-काँत्र खऱ्या आवाजातच गातो, फार वर गेल्यावर तो हलका करून डोक्यात नेतो. हे जमायचं कसं? एक कारण शास्त्रीय आणि साधं आहे: पट्टी. आज वाद्यवृंद पांढरी सहा ४४० हर्ट्झला लावतात. त्या काळच्या पॅरिसच्या ऑपेरात ती ३९२ च्या आसपास होती, म्हणजे पूर्ण एक सूर खाली. कागदावर जी पांढरी सहा दिसते ती तिथे आजच्या पांढरी पाचसारखी ऐकू यायची. तेच स्वर आजच्या पट्टीत गाताना टेनरचा गळा का चोंदतो, हे यावरून कळेल.

या आवाजाचा मुकुटमणी पिएर द जेलियोत. ३१ मार्च १७४५ रोजी व्हर्सायला राजपुत्राच्या लग्नानिमित्त रामोचा 'प्लाते' झाला. कुरूप असूनही सगळे आपल्यावर भाळतात असं मानणारी दलदलीची जलदेवता हे त्यातलं मुख्य पात्र, आणि ते जेलियोतने केलं. देव तिच्याशी लग्नाचं सोंग करतात आणि शेवटी तिची नाचक्की होते. विनोदी म्हणून लिहिलेल्या या भूमिकेत उत्तम ओत-काँत्र शेवटच्या संतापाला असा काही रंग देतो की हसू ओठांवर थांबतं.

फ्रान्स आणि इटली यांच्यातला हा फरक किती खोल होता ते ग्लुक या संगीतकाराच्या ऑर्फेउसवरून दिसतं. १७६२ साली व्हिएन्नात ही भूमिका कास्त्रातो ग्वादान्यीने केली. १७७४ साली ऑपेरा पॅरिसला न्यायचा ठरला तेव्हा ग्लुकला ती जोझेफ लेग्रो या ओत-काँत्रसाठी नव्याने बसवावी लागली.

मग टेनरची ती गर्जना कुठली?

बरोक टेनरच्या जागा लिहिलेल्या पाहिल्या तर इटालियन पद्धतीत तो बहुधा वरच्या पांढरी पाच-सहाच्या आसपास थांबतो. बायाझेतसारख्या कित्येक भूमिका इतक्या खाली बसतात की आजचा बॅरिटोनही (टेनर आणि बास यांच्या मधला आवाज) त्या आपल्या म्हणेल. त्या काळी वरचे सूर छातीच्या जोरावर फेकायचे नसत, हलके करत न्यायचे असत. कसब दिसे ते तानेच्या सफाईत, शब्दाच्या उच्चारात, परतलेला मुखडा सजवण्यात.

छातीच्या पूर्ण जोराने वरची पांढरी एक लावण्याची रीत प्रसिद्ध झाली ती १८३७ मध्ये, पॅरिसमध्ये जिल्बेर द्युप्रे रॉसिनीच्या 'विल्यम टेल'मध्ये तशी गायला तेव्हा. बरोक काळ संपून ऐंशीहून अधिक वर्षं उलटली होती. पावारोत्ती त्या वाटेवरचा. म्हणून बरोक टेनर ऐकताना 'आवाजात दम नाही' असं कोणी म्हणालं तर त्यांना एवढंच सांगावं की तो सूर तेव्हा कोणी मागितलाच नव्हता.

कास्त्रातो आज नाहीत, मग त्यांच्या भूमिका टेनरलाच का देत नाहीत?

हा प्रयोग होऊन गेला आहे. १९२० नंतर जर्मनीत ग्योटिंगेनला हँडेलचे ऑपेरे पुन्हा मंचावर येऊ लागले तेव्हा कास्त्रातोंच्या भूमिका एक सप्तक खाली आणून खर्जातल्या पुरुषांना दिल्या गेल्या. पुढे अनेक दशकं सीझर असाच गात राहिला. कानाला ओळखीचा वाटला, पण बिघडलं ते टेनरचं. नायक खाली उतरला की खलनायकाचं आणि बापाचं वेगळेपण पुसलं जातं. सगळेच पुरुषी आवाज, कोण कुठल्या दर्जाचा ते कळेना. शिवाय नायकाचा सूर वाद्यांच्या खाली गेल्यामुळे रचनेची वीणच उसवते.

आज त्या जागा काउंटरटेनर किंवा गायिका करतात, आणि वाटणी पुन्हा ऐकू येते. २०१२ मध्ये लिओनार्दो विंची (चित्रकार दा विंची नव्हे, हा संगीतकार) याच्या १७३० सालच्या 'आर्तासेर्से'चं ध्वनिमुद्रण आलं. त्यात पाच काउंटरटेनर आहेत आणि एकच टेनर. तो टेनर कोण असेल? राजाचा खून करून आळ स्वतःच्या मुलावर येऊ देणारा बाप.

इंग्लंडात टेनर पुन्हा नायक झाला

१७४१ साली हँडेलचा शेवटचा इटालियन ऑपेरा आला. त्यानंतर तो इंग्रजीतल्या ऑराटोरिओकडे वळला, म्हणजे वेशभूषा आणि अभिनय नसलेल्या, बहुधा बायबलमधल्या कथेवरच्या गाननाट्याकडे. त्याच्या 'मसाया'तले भाग नाताळच्या दिवसांत आपल्याकडेही ऐकायला मिळतात. त्यात वाद्यांनंतर उमटणारा पहिला मानवी आवाज टेनरचा आहे.

या काळातला त्याचा माणूस म्हणजे जॉन बिअर्ड. लहानपणी राजाच्या चर्चमध्ये गाणारा हा मुलगा, आवाज फुटल्यावर टेनर झाला आणि १७३४ पासून हँडेलकडे गाऊ लागला. १७४३ साली त्याने सॅमसन केला: डोळे काढलेला, शत्रूच्या कैदेतला वीर. यात सॅमसनचा बाप बास आहे. बाप एक पायरी खाली सरकला आणि टेनर नायकाच्या जागी आला.

पण हँडेलने टेनरसाठी लिहिलेली शेवटची मोठी भूमिका पुन्हा बापाचीच आहे. १७५२ मधला 'जेफ्था'. युद्ध जिंकलं तर घरी परतताना जे पहिलं समोर येईल ते देवाला अर्पण करीन, असा नवस जेफ्था करतो, आणि समोर येते मुलगी. हे लिहीत असताना, फेब्रुवारी १७५१ मध्ये, हँडेलचा डावा डोळा इतका अधू झाला की मधेच काम थांबवावं लागलं, तशी नोंद त्याने हस्तलिखितावरच केली आहे. मुलीला देवदूतांनी अलगद वर न्यावं अशी जेफ्थाची प्रार्थना बिअर्डसाठी लिहिलेली आहे. बायाझेतला मुलीच्या वाटेत आडवं पडता आलं होतं. जेफ्थाला तेही करता येत नाही, कारण वाट त्यानेच आखली आहे.

असाच नवस केलेला आणखी एक बाप २९ जानेवारी १७८१ रोजी म्युनिकच्या मंचावर आला. मोत्सार्टचा क्रीटचा राजा इदोमेनेओ: समुद्रातून वाचलो तर किनाऱ्यावर पहिला दिसेल त्याचा बळी देईन, आणि दिसतो तो मुलगा. बरोक काळ तेव्हा सरला होता, पण वाटणी जुनीच होती. बाप टेनर, मुलगा कास्त्रातो. बाप गायला आन्तोन राफ, वय ६६. पाच वर्षांनी व्हिएन्नात एका सरदाराच्या वाड्यात हा ऑपेरा हौशी गायकांनी पुन्हा केला, तेव्हा मोत्सार्टने मुलाची भूमिका बदलून लिहिली. त्या संध्याकाळी बापासमोर उभा राहिलेला मुलगाही टेनर होता.